समोरून कोणी येत नव्हतं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य माननीय डॉ. ओंकार सामंत सर, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या शहरातले ज्येष्ठ हॉटेल व्यावसायिक आदरणीय भाई परुळेकर, आजच्या प्रमुख पाहुण्या सौ. रुक्मिणी तांडेल, सत्कारमूर्ती प्राध्यापक डॉ. किशोरी धुरी मॅडम, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, मॅडमच्या माहेराहून म्हणजे थेट मिठबावहून आलेली मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी उभे असलेले सर्व रसिक श्रोते, आपणा सगळ्यांना माझा नमस्कार आणि सलाम.

मी रमीझ होडेकर. याच महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवतो. त्याआधी इथेच मॅडमचा विद्यार्थी होतो, आणि त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. प्राचार्य सर घड्याळ माझ्याकडे तोंड करून ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी ते खिशात ठेवलंय. त्याबद्दल आधीच आभार.

या कार्यक्रमाची पत्रिका हातात पडल्यावर मला बऱ्याच जणांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. मॅडमचं नाव वाहतूक अभ्यासाच्या क्षेत्रात एवढं मोठं, दिल्ली-मुंबईहून कोणी तज्ज्ञ बोलावता आला असता, मग प्रमुख पाहुण्या म्हणून देवबागच्या, मासळी विकणाऱ्या रुक्मिणीताई कशा? प्रश्न योग्य आहे. उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, की मॅडमनी तसा आग्रह धरला. पण त्या आग्रहामागे जे घडलं ते इथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या अर्ध्यांना अर्धवट ठाऊक आहे. म्हणून आज ते नीट सांगावं म्हणतो. यात ज्यांची नावं येणार आहेत त्या सगळ्यांना मी आधी विचारलं आहे. मॅडमना मात्र विचारलेलं नाही. त्या नको म्हणाल्या असत्या.

आधी मॅडमचं काम काय, ते थोडक्यात. घाबरू नका, फळा आणलेला नाही.

शहरात रस्ता बदलायचा झाला, सिग्नल बसवायचा झाला, एखादी वाट एकेरी करायची झाली, तर ते आधी कम्प्युटरवर करून बघतात. कम्प्युटरात तो रस्ता आखायचा, त्यावर खोट्या गाड्या सोडायच्या, त्या कशा चालतात, कुठे अडकतात ते पाहायचं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. अडचण अशी की ही मॉडेलं बहुतेक परदेशात तयार झाली. तिथे रस्त्यावर मोटारी, आणि मोटारी आपापल्या रांगेत एकामागून एक जाणाऱ्या. आपल्याकडे रस्त्यावर निम्म्याहून जास्त दुचाकी. दुचाकीला रांग नसते. मोटार पुढची गाडी हलण्याची वाट बघते, दुचाकी जागा शोधते. दोन रिक्षांच्या मधून, टेम्पोच्या डावीकडून, गटाराच्या कडेकडेने पुढे येते आणि सिग्नलच्या तोंडाशी जाऊन थांबते. परदेशी हिशेबात दुचाकी म्हणजे मोटारीचा एक तुकडा, एवढंच धरायचे. मॅडम म्हणायच्या, असं होत नाही. मोटारीचे तुकडे केले म्हणून तिची स्कूटर होत नाही.

म्हणून त्यांनी इथे, या आडबाजूच्या कॉलेजात बसून, दुचाकींचं वेगळं मॉडेल बांधायला घेतलं. रस्त्याचे लहान लहान चौकोन पाडले, प्रत्येक दुचाकीला शेजारून सरकायची, फटीत शिरायची मुभा दिली. त्या कामात मी त्यांचा संशोधक विद्यार्थी. आमचं मॉडेल चांगलं झालं होतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्याची वाखाणणी झाली होती, आणि पुढचं सगळं त्या वाखाणणीमुळेच घडलं.

आपल्या बाजारपेठेचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यापासून बंदराच्या धक्क्यापर्यंत सरळ, आणि अरुंद. पर्यटकांच्या गाड्या वाढल्या तसं तिथे मुंगीलाही वाट मिळेना. तेव्हा शहरात एक समिती बसली आणि समितीने मॅडमना विचारलं. आम्ही कम्प्युटरवर सगळं करून पाहिलं आणि सुचवलं की हा रस्ता एकेरी करा. तिठ्याकडून धक्क्याकडे बाजारातून जायचं, आणि परत यायचं ते माडांच्या वाडीमागून वळसा घालून. समितीने ते मान्य केलं, हंगामाच्या सुरुवातीला प्रयोग सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात बाजार मोकळा झाला. पेपरात मॅडमचा फोटो आला. भाई परुळेकरांनी हॉटेलात आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. भाई, त्या दिवशीच्या सुरमईची चव मी विसरलेलो नाही.

मग एका सकाळी रुक्मिणीताई आपल्या स्कूटरवरून धक्क्यावर निघाल्या. पायाशी मासळीचा रिकामा क्रेट. दिशा बरोबर, बाजू बरोबर, वेग बेताचा. भाईंच्या हॉटेलसमोर एक टेम्पो उभा होता. त्याच्या आडून समोरून एक मोटरसायकल आली. चालवत होता चंदन. चंदन वायरमन आहे, धक्क्यावरचं एक काम आटोपून दुसऱ्या कामाला निघाला होता. वळसा टाळून सरळ बाजारातून उलटा आला. दोघांनाही ब्रेक दाबायला वेळ मिळाला नाही. चंदनला खरचटलं. रुक्मिणीताईंचा पाय दोन जागी मोडला.

हंगाम नुकता सुरू झाला होता. मासळीवाल्या बाईचा पाय हंगामात मोडणं म्हणजे काय, हे या सभागृहात मी वेगळं सांगायची गरज नाही.

शहरात एकच चर्चा. चंदनला धडा शिकवा, लायसन काढून घ्या, दंड वाढवा, पोलीस उभा करा. आम्हाला कोणी काही बोललं नाही. आमची योजना चांगलीच होती, एका बेशिस्त माणसाने ती बिघडवली, असंच सगळे म्हणत होते. मीही तेच म्हणत होतो.

रुक्मिणीताईंना दवाखान्यातून घरी सोडल्यावर एक दिवस मॅडम मला म्हणाल्या, "रमीझ, गाडी काढ. देवबागला जाऊया."

रुक्मिणीताई ओटीवर खाटेवर होत्या. पाय प्लास्टरमध्ये. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मॅडमनी पायाची चौकशी केली. मग रुक्मिणीताई सहज विचारतात तशा म्हणाल्या, "बाई, एक विचारू? तुमी ह्या सगळा कम्प्युटरात बघून केलास मा?"

"होय."

"त्या कम्प्युटरात मी होतंय काय?"

मी उत्तर देणार होतो. मला सांगायचं होतं की तसं एकेका माणसाचं नसतं, गाड्यांचे प्रकार असतात. मॅडमनी हात किंचित वर केला आणि मला थांबवलं. त्या मिठबावच्या. वर्गात प्रमाण मराठी आणि घरात मालवणी. त्या म्हणाल्या, "होतंस गो. स्कूटर होती, क्रेट होतो. पण थंय तुझ्या समोरसून कोणच येवक नाय."

रुक्मिणीताईंनी प्लास्टरमधला पाय जरा सरकवून घेतला. मग म्हणाल्या, "आणि हंय तर रोज कोण ना कोण येता. माझो घोव पण येता."

नवऱ्याची ही चहाडी करून त्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा प्रबंध तेव्हा पूर्ण झाला होता. बांधणी करून सादर करायचा तेवढा राहिला होता. पुण्याच्या एका कॉलेजात माझी नोकरी जवळजवळ ठरली होती, पीएच.डी. हातात पडण्याच्या अटीवर. मॅडम म्हणाल्या, "प्रबंध थांबवूया."

मी म्हणालो, "मॅडम, गणित बरोबर आहे. तीन वेळा तपासलंय."

"गणित बरोबरच आहे. त्या गणितात आपण जी माणसं घातली ती खोटी आहेत. आपल्या कम्प्युटरात एवढे दुचाकीस्वार रोज धावत होते, त्यातल्या एकानेही कधी एकेरीचा बाण मोडला नाही. का मोडला नाही? कारण आपण तसं लिहिलंच नव्हतं. त्यांना आपण रस्ता दिला. घाई दिली नाही."

मी म्हणालो, "नियम मोडणारा माणूस मॉडेलमध्ये कोणीच धरत नाही. जगात कोणी धरत नाही."

त्या म्हणाल्या, "जगाचं मला माहीत नाही. या रस्त्यावर धरायला हवा होता."

मी घरी गेलो तो रागातच. आणि खरं सांगायचं तर माझा राग रास्त होता असं मला आजही वाटतं. चूक दोघांची होती, पण नोकरी एकट्याची जात होती. माझी आई, वजीरा तिचं नाव, ती इथे समोर बसली आहे, तिला माझं तोंड पाहून राहवलं नाही. मला न सांगता ती मॅडमच्या घरी भांडायला गेली. हो, भांडायलाच. मी बाजारातून परत आलो तर ही दाराशी.

"खंय गेल्लंस?" मी विचारलं.

"तुझ्या बाईंकडे." आई आत येऊन बसली. "भांडाक गेल्लंय. मगे भांडाक काय गावलाच नाय. तिना आपलो पेपर मागे घेतल्यान. परदेशात वाचूक बोलावलेलो मा, तो. तुका सांगलेला काय?"

मला काहीच सांगितलं नव्हतं. आग्नेय आशियातल्या एका शहरात, जिथे आपल्याहून कितीतरी जास्त मोटरसायकली आहेत, तिथे एक मोठी परिषद होती. तिथे बीजभाषणाचं आमंत्रण मॅडमना आलं होतं, याच मॉडेलवर बोलण्याचं. आमच्यासारख्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला असं आमंत्रण आयुष्यात एकदा येतं. त्यांनी देवबागहून परतल्याच्या रात्रीच कळवलं होतं की निष्कर्षात दोष आढळला आहे, मी येऊ शकत नाही. माझा प्रबंध थांबवण्याआधी त्यांनी स्वतःचं भाषण थांबवलं होतं. त्यानंतर मी त्यांच्याशी त्या विषयावर वाद घातला नाही.

मग समितीची बैठक झाली. भाई, आता तुमच्याबद्दल बोलतो. तुम्ही परवानगी दिली आहे, आठवतंय ना?

भाई तेव्हा योजनेच्या बाजूने होते, आणि त्यात काही गैर नव्हतं. बाजार मोकळा झाला होता, धंदा वाढला होता. भाई म्हणाले, "मॅडम, गाड्या सुरळीत चालल्यात. एका पोराने चूक केली. त्याच्यावर कारवाई झाली की बाकीचे सरळ येतील. योजना कशाला थांबवायची?"

चंदनलाही त्या बैठकीला बोलावलं होतं. भिंतीला टेकून उभा होता, मान खाली.

मॅडम उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "चंदनने नियम मोडला. त्याचा जो काही दंड असेल तो त्याने भरावा. पण धक्क्यावरून निघणाऱ्या माणसाला तिठा समोर दिसतो, आणि आपण त्याला सांगतो की लांबून वळसा घालून ये. हे किती जण ऐकतील, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारला नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मी आता पाहिलं. अपघाताआधी रोज माणसं उलटी येत होती, आणि दर दिवशी वाढत होती. चंदन त्यातला एक. ही योजना माझ्या चुकीच्या अंदाजावर उभी आहे. ती थांबवा, अशी माझी विनंती आहे."

कोणी तरी विचारलं, "मॅडम, हे लेखी द्याल?"

"देते," त्या म्हणाल्या, आणि तिथेच टेबलावर कागद ओढून लिहायला बसल्या.

योजना थांबली. पेपरात पुन्हा मॅडमचा फोटो आला, तोच फोटो, वर मथळा वेगळा. तो मी वाचून दाखवत नाही. दुसऱ्या एका शहराने त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं, त्यांनी नम्रपणे नकार कळवला. कॉलेजातही काहीजण म्हणाले, गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? तुम्हीच सांगा, खरंच कोणाला कळलं असतं? मला वाटतं, नसतंच कळलं. चंदनच्या नावावर सगळं खपून गेलं असतं.

पुढची दोन वर्षं आम्ही पुन्हा मुळापासून काम केलं. पण त्याआधी मॅडमनी एक गोष्ट केली, ती सांगायलाच हवी. त्यांना दुचाकी चालवता येत नव्हती. दुचाकींवर आयुष्य घालवलं, पण स्वतः कधी हँडल धरलं नव्हतं. म्हणाल्या, "मला शिकव." कॉलेजच्या मैदानावर मी मागे धावतोय आणि पन्नाशी उलटलेल्या विभागप्रमुख स्कूटरवर, असं दृश्य ज्या विद्यार्थ्यांनी पाहिलं त्यातले काही आज इथे आहेत आणि आत्ता तोंडावर रुमाल धरून बसले आहेत. एकदा त्या थेट व्हॉलीबॉलच्या जाळ्यात गेल्या. जाळ्यातून बाहेर येताना म्हणाल्या, "रमीझ, ब्रेक दाबायचा हे माहीत असणं आणि हाताला सुचणं यात किती वेळ जातो, ते आत्ता कळलं. हेही घालूया."

आणि ते आम्ही घातलं. नव्या मॉडेलमधल्या माणसांना आम्ही घाई दिली. वळसा जितका लांब, तितका मोह जास्त. पण एक गोष्ट चित्रण पुन्हा पुन्हा बघितल्यावर हाती लागली. एकटा माणूस सहसा उलटा शिरत नाही. तोंडाशी येतो, थबकतो, इकडेतिकडे बघतो. पुढे कोणी उलटा गेलेला दिसला की मग मात्र मागचे सगळे थबकतही नाहीत. म्हणजे बेशिस्त माणूस असा वेगळा नसतो. आपणच असतो, दुसऱ्याला बघितल्यानंतरचे.

त्यातून जे सुचलं ते आज तुम्ही रोज वापरता. मोटारींसाठी रस्ता पुन्हा एकेरी केला, पण एका कडेने, खांब रोवून, दुचाकींना धक्क्याकडून तिठ्याकडे यायला अरुंद वाट सोडली. जे लोक करणारच होते, ते सुरक्षितपणे करायला जागा दिली. यात एक अडचण होती. ती वाट नेमकी भाईंच्या हॉटेलसमोरून जात होती, आणि तिथल्या गाड्या उभ्या करायच्या जागेवर पाणी सोडावं लागणार होतं.

भाई नाही म्हणाले. एकदा नाही, बरेचदा. मॅडमनी वाद घातला नाही. एका सकाळी भाईंच्याच गॅलरीत त्या जाऊन बसल्या आणि भाईंना म्हणाल्या, "चहा सांगा आणि तुम्हीपण बसा." खाली टेम्पो उभा. त्याच्या आडून एकेक दुचाकी डोकं काढतेय, समोरची अचानक दिसतेय, कचकन ब्रेक लागतोय. भाई बघत होते. चहा निवला. तेवढ्यात एक बाई लहान मुलाला पुढे उभं करून स्कूटरवरून आली, टेम्पोला अगदी घासून गेली. भाई उठले आणि म्हणाले, "काढा ती पार्किंग. पण माझ्या नावाचो बोर्ड-बिर्ड लावू नकात."

बोर्ड लावलेला नाही, भाई. पण भाषणात नाव घ्यायला तुम्ही मनाई केली नव्हती.

ती वाट सुरू झाली आणि टिकली. किरकोळ खरचटणं सोडलं तर त्या रस्त्यावर आजपर्यंत कोणाचं हाड मोडलेलं नाही. रुक्मिणीताईंचा तो हंगाम गेला तो गेलाच, आणि पावसाळ्यात पाय आजही ठणकतो, असं त्या म्हणतात. पण पुढच्या हंगामात त्या पुन्हा स्कूटरवर होत्या. चंदनने दंड भरला. तो आज सभागृहात आहे. कुठे बसलाय ते मी सांगणार नाही, त्याला ते आवडणार नाही. एवढंच सांगतो की त्या बैठकीनंतर त्याला शहरात मान वर करून काम करता आलं. माझा प्रबंध दोन वर्षं उशिरा झाला. पुण्याची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली, ते तिथे सुखात असतील. मी इथेच राहिलो. माझ्या आईची त्याबद्दल काही तक्रार नाही.

परदेशातलं ते आमंत्रण मात्र पुन्हा आलं नाही. हे मला सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की शेवटी सगळं जुळून आलं. सगळं नाही जुळलं. मॅडम त्या परिषदेला कधीच गेल्या नाहीत.

आता निरोपाचं बोलायचं. मॅडमना काय द्यावं, यावर विभागात पुष्कळ चर्चा झाली. शाल, श्रीफळ झालं, समई झाली, ते सगळं आपण पाहिलं. पण विभागाकडून म्हणून काही वेगळं द्यावं असं आम्हाला वाटत होतं. मॅडम, ते द्यायचं धाडस मी आता करतो.

गेल्या हंगामात आपल्याकडे भाड्याच्या स्कूटरवर फिरणारे पर्यटक अचानक वाढले. त्यांना रस्ता माहीत नसतो. ते वळणाच्या ऐन मध्यावर थांबतात आणि मोबाइलमध्ये नकाशा बघतात. तुमच्या मॉडेलमधला दुचाकीस्वार घाई करतो, मोहात पडतो, दुसऱ्याचं बघून चुकतो. पण तो हरवत नाही. त्याला आपण सगळे रस्ते पाठ करून दिलेत. आमच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर तिठ्यावर उभं राहून हे पाहिलं. कोणाला लागायच्या आत पाहिलं.

तेव्हा मॅडम, तुमचं मॉडेल पुन्हा चुकलंय. सोमवारपासून आम्ही ते मोडून नव्याने बांधायला घेतोय.

मॅडमचा चेहरा तुम्हा सगळ्यांना दिसतोय. समईपेक्षा हे त्यांना जास्त आवडलंय, असं मला वाटतं.

अध्यक्ष महाराजांनी मला दिलेल्या वेळापेक्षा कितीतरी जास्त बोलू दिलं, रुक्मिणीताईंनी, भाईंनी आणि चंदनने स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट मला चारचौघांत सांगू दिली, आणि तुम्ही सर्वांनी इतक्या उकाड्यात ती शांतपणे ऐकून घेतली, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर उदार मनाने पोटात घाला. आणि मी सांगितलेल्यात काही चुकलेलं तुमच्या ध्यानात आलं असेल, तर कृपा करून बाहेर सोलकढी घेताना मला तेवढं सांगा. या विभागात आम्हाला तशीच सवय लावलेली आहे.

धन्यवाद.